सरकती भिंत

मी जन्मभर बांधकाम खात्यात नकाशे काढले, पण एका भिंतीचा राग अजून उतरला नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याला नवी कचेरी बांधायची होती. तालुक्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीचे उगाच सज्जन ठरतील.

कपाशीची ती वाईट वर्षं. बियाणं फसायचं, बोंडअळी पडायची, अन् तक्रार घेऊन आलेली माणसं व्हरांड्यात दिवस काढायची. आत साहेब, बाहेर लोक. निदान या इमारतीत तसं नको म्हणून मी सुनावणीची खोली अन् लोकांची बसायची खोली लागून घेतली, मध्ये रुळावरची भिंत. एरवी दोन खोल्या. सुनावणीच्या दिवशी भिंत बाजूला सारली की एकच मोठी जागा. बाकं हलती, साहेबाला चौथरा नाही. तक्रार करणाऱ्याला साहेब दिसावा अन् साहेबाला तो, एवढंच माझं म्हणणं होतं.

टिप्पणीत मी स्वच्छ लिहिलं, 'सरकती भिंत'. टाइप करणाऱ्यानं केली 'सरकारी भिंत'. 'ध'चा 'मा' आम्ही शाळेत शिकलो होतो, इथं 'क'ला काना लागला, 'ती'ची 'री' झाली, अन् मग वरपर्यंत सगळ्यांनी तीच री ओढली. सरकारी इमारतीत बिनसरकारी भिंत कोणती असते, हा प्रश्न सही करणाऱ्या एकाही शहाण्याला पडला नाही.

मी कामावर पोचलो तोवर विटांची जाड भिंत छताला टेकली होती. "सरकारी लिवलं होतं म्हणून पक्की केली," कंत्राटदार म्हणाला, "तुमी कायले तापून राह्यले?" मी तसाच माझ्या वरिष्ठाकडे गेलो. तो म्हणाला, "मंजुरी तशीच आहे ना? अन् भिंत तं सरकारीच आहे." अन् स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भिंत पाडा म्हणून मी भांडलो, तर मलाच वणीकडच्या रस्त्याच्या कामावर धाडलं.

माझी मोठी बहीण त्याच तालुक्यात दिलेली. नवरा गेल्यावर वावर तीच पाहायची. कचेरी सुरू झाली त्या साली तिची कपाशी कमरेएवढी वाढली, पण बोंड धरेना. तिनं बियाण्याची तक्रार केली, पण पाहणीला आलेल्या कृषी खात्याच्या माणसानं बियाण्याला काही म्हटलं नाही, लागवडच चुकली असं लिहून मोकळा झाला. झालं, दिरांना तेवढंच हवं होतं. बाईच्या हाती वावर दिलं का असंच होते, आता आमच्याकडे दे, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. सुनावणीत बियाणं खोटं ठरलं असतं तर त्यांची तोंडं बंद झाली असती.

म्हणून सुनावणीच्या दिवशी ती उपटलेल्या झाडांची मोळी बांधून सकाळीच कचेरीत गेली अन् लोकांच्या खोलीत बसली. पलीकडच्या खोलीत शिपायानं तिच्या नावाचा पुकारा केला. भिंत इतकी पक्की, की अलीकडे एक शब्दही आला नाही.

दुपारी मी कामावरून मोटारसायकलनं पोचलो तेव्हाही ती मोळी मांडीशी धरून बसली होती. मी आत शिरलो. अर्जदार गैरहजर, तक्रार निकाली. मी आवाज चढवला. साहेब थंडपणे म्हणाले, "पुकारा रीतसर झाला. ऐकू गेला नाही त्याला आम्ही काय करणार? भिंत तुमच्याच खात्यानं बांधली." यवतमाळला अपील करा म्हणाले. अपिलाची तारीख लागेस्तोवर झाडांचा भुगा होणार होता, हे त्यांनाही कळत होतं.

बाहेर येऊन मी तिला सांगितलं, तू आली नव्हतीस असं त्यांनी लिहिलंय. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मोळीकडे.

"मंग सकाळपासून मी कुठी होती, भाऊ?"