मिलिंदची आवक वही

मिलिंद मनमिळाऊ नव्हता.

तो वारल्यापासून शाळेच्या ग्रुपवर जो तो त्याला मनमिळाऊ लिहितोय. वाचवेना, म्हणून ही पोस्ट.

तो शहापूरच्या शाळेत क्लार्क, मी मुख्याध्यापिका. संस्थेच्या शहापूर, मुरबाड आणि धसई अशा तिन्ही शाळांचे कॉम्प्युटर तोच बघायचा.

आणि कोणाला हात लावू द्यायचा नाही.

फ्लॉपी असो की सीडी, आधी वहीत नोंद. वस्तू काय, कुठून आली, कोणी दिली. शेवटचा रकाना ‘तपासले’. तिथे त्याची सही झाल्याशिवाय ती मशीनमध्ये जायची नाही.

"अरे, मी मुख्याध्यापिका आहे."

"हो बाई. इथं सही करा."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कागदी रजिस्टरं वाळवीने खाल्ली, म्हणून मुलांच्या सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. सॉफ्टवेअर फुकटचं, ओपन सोर्स. मिलिंदनेच शोधलेलं.

दहावीचा निकाल लागला. दाखल्यांसाठी ही गर्दी. मुरबाडचे देसले सर एक सीडी घेऊन आले. त्याच सॉफ्टवेअरला जोडायचा भाग, दाखले झटपट छापणारा.

"फुकट आहे रे. कोड उघडा आहे, कोणीपण वाचू शकतो."

"वाचलाय कोणी?"

सॉफ्टवेअर बनवणारे प्रत्येक फाइलचा एक लांबलचक नंबर साइटवर देत. आपल्या प्रतीचा नंबर तोच आला, तर मध्ये कोणी हात घातलेला नाही. मिलिंदने मला वाचायला बसवलं. मी साइटवरचा नंबर वाचतेय, तो तपासायला बाजूला ठेवलेल्या जुन्या मशीनवर सीडीचा बघतोय.

आठव्या अक्षराला म्हणाला, "थांबा बाई. जुळत नाय. ही आपल्यात नको."

देसले सर स्टाफरूमभर ऐकू जाईल असं म्हणाले, "काय मिलिंद, तुझा कॉम्प्युटर सोवळ्यात का रे?"

सगळे हसले. मीही.

"सर, माझ्या आजोबाला विहिरीवर जात विचारायचे. मी सीडीला जात नाय विचारत. कुठून आली नि आत काय हाय, एवढंच विचारतो."

देसले सरांनी पेपर उघडला.

बाहेर पालक ओरडत होते. मी मिलिंदला मेमो दिला. ‘कामात अडथळा.’ त्याने शांतपणे ‘मिळाला’ लिहून सही केली. सीडी टाकली नाहीच.

देसले सरांनी ती मुरबाडला टाकली, मग धसईला.

चौथ्या दिवशी दोन्हीकडच्या नोंदी गेल्या. नावांच्या, जन्मतारखांच्या जागी नुसत्या खुणा.

धसईला गेले, तर वाडीवरचा एक बाप पायरीवर बसलेला. "बाई, पोरीचा दाखला नाय मिलणार का?" तिची जन्मतारीख आमच्याशिवाय कुठेच लिहिलेली नव्हती.

मिलिंद दर शनिवारी तिन्ही शाळांच्या नोंदींची प्रत काढून कपाटात कुलूप लावून ठेवायचा. ती घेऊन तो एसटीने आला. दोन दिवस बसला. त्या पोरीसकट सगळ्यांचे दाखले निघाले.

नंतर संस्थेने सत्कार केला. देसले सरांचा. निकाल चांगला लागला म्हणून.

मेमो मिलिंदच्या सेवापुस्तकात तसाच राहिला. माझ्या निवृत्तीच्या दिवशी त्याने विचारलं, "बाई, तेवढा काढाल का?"

"बघते," म्हटलं.

बघितलं नाही. काढायचा तर कारण लिहावं लागलं असतं, की चूक माझी होती.

काल किन्हवलीला त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने, सुनंदाने, माझ्या हातात दिलं:
आवक वही, एक.
कपाटाची किल्ली, एक.
माझ्या मेमोची त्याच्याकडची प्रत, एक.

मी तिला दिलं: मेमो चुकीचा होता, असं माझ्या हस्ताक्षरातलं पत्र, एक.

"नोंद करा बाई," सुनंदा म्हणाली. "ते असते तर सोडलं नसतं तुमाला."

केली.

वस्तू: पत्र.
कुठून आली: शहापूर.
कोणी दिली: मी.
तपासले:

तो रकाना रिकामा आहे.