उचापत्याचं डावीकडे वाकडं तोंड

मी पोटासाठी तोंडं काढतो. गेली अकरा वर्षं, एकाच पोराची.

‘सातवी ब’ ही कार्टून मालिका लागली की घराघरांतली मुलं टीव्हीसमोरून हलत नाहीत. तिच्यातला उचापत्या अकरा वर्षं सातवीतच आहे, आणि त्याचे ओठ माझ्याकडे आहेत. चेहरा दुसरा कुणी काढतो, हातपाय तिसरा. माझ्याकडे फक्त ओठ. ‘आ’ला उघडे, ‘ओ’ला गोल, प-ब-म आलं की मिटलेले. आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो, मग त्या आवाजाबरहुकूम मी तोंड हलवतो. या धंद्यामुळे मला एक खोड लागली आहे. बायको म्हणते, “माझं ऐकत नाहीस, नुसता तोंडाकडे बघत बसतोस.” तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ते खरं आहे.

तर तोंड माझं, पण जीभ बाईंची. बाई म्हणजे गणिताच्या शिक्षिका. वय छप्पन्न. सकाळी शाळेत सातवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवायचे आणि दुपारी आमच्या स्टुडिओत येऊन सातवीतला उपद्व्यापी कार्टा व्हायचं, हा त्यांचा दिनक्रम. शाळेत मुलांनी त्यांचं नाव ‘कर्कटक’ ठेवलंय. का, ते त्यांच्यासमोर एकदा चुकीचं उत्तर दिलंत की कळेल. मी एकदा तीन मिनिटांचा प्रसंग दोनशे सेकंदांचा धरला होता. अजून माझी मान वर होत नाही.

स्टुडिओत आल्या की त्या चष्मा काढतात, चपला काढतात, काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर अनवाणी उभ्या राहतात, आणि त्या कडक बाईंच्या गळ्यातून बारा वर्षांचं पोरगं बाहेर उडी मारतं. मला पहिल्यांदा तर भुताटकीच वाटली होती. उचापत्याच्या निम्म्या थापा त्यांच्या वर्गातूनच येतात. एका भागात लेखकाने लिहिलं होतं, “सर, वही विसरलो.” बाईंनी लाल पेनने काट मारली. म्हणाल्या, “सातवीतलं कुणी असं म्हणतं का? लिहा, ‘सर, वही आहे, पण ती आज आली नाही.’”

पण मालिकेच्या नामावलीत त्यांचं नाव नाही. त्यांनीच घालू दिलं नाही. “शाळेत कळलं की संपलं,” त्या मला म्हणायच्या. “उद्या मी फळ्यापाशी उभी राहिले की पोरांना उचापत्या दिसायला लागेल. तीस वर्षं जपलाय धाक. गणिताला धाक लागतो रे.” मी मान डोलवायचो. बाईंना शिकवणं किती प्रिय आहे हे मला माहीत होतं. आवाजाचं काम उद्या गेलं असतं तरी त्यांनी सोसलं असतं, वर्ग हातातून गेलेला सोसला नसता.

आता मालिकेतलं एक ठरलेलं वाक्य. प्रत्येक भागात एकदा मुख्याध्यापक गरजतात, “हे कोणाचं काम?” आणि उचापत्या म्हणतो, “शपथ घेत नाही सर, पण मी नाही!” त्या आठवड्यात दिग्दर्शकाच्या अंगात आलं होतं. हेच वाक्य त्याने बाईंकडून एका दुपारी छत्तीस वेळा म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर्गाकडे पाठ करून फळ्यावर गणित लिहीत होत्या. दार धाडकन उघडलं. खरेखुरे मुख्याध्यापक आत आले. हातात पृथ्वीगोलाचा स्टँड, नुसता स्टँड. पृथ्वी गायब.

“हे कोणाचं काम?” ते गरजले.

आणि बाईंची जीभ घसरली. फळ्याकडे तोंड असतानाच, उचापत्याच्या आवाजात, खणखणीत: “शपथ घेत नाही सर, पण मी नाही!”

पण मुख्याध्यापकांची नजर बाकांवर होती.

“कोण बोललं?”

शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, शाईने माखलेली बोटं, महिन्यातून चार वेळा वर्गाबाहेर उभं राहण्याचा अनुभव. “मी, सर.”

“आणि पृथ्वी?”

“तीपण मीच नेली असेल, सर.”

“उद्यापासून चार दिवस शाळेत यायचं नाही!”

“मी फळ्याकडेच बघत उभी होते,” बाई त्या दुपारी स्टुडिओत मला सांगत होत्या. “खडू मोडला हातात. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. खरं सांगते, क्षणभर वाटलं, बसावं गप्प. मग स्वतःचीच लाज वाटली.”

त्या वळल्या. चष्मा काढला. आणि उचापत्याच्याच आवाजात म्हणाल्या, “शपथ घेतो सर, बोललो तो मीच!”

मुख्याध्यापकांचं तोंड ‘आ’ आणि ‘ओ’च्या मध्ये कुठेतरी अडकलं. “बाई... तुम्ही? अहो, माझा नातू याला बघितल्याशिवाय घास तोंडात घेत नाही. एकदा फोनवर बोलाल त्याच्याशी?” मुलीची शिक्षा तिथेच रद्द झाली. पृथ्वीही सापडली, शिपाईमामांनी ती धुऊन गच्चीवर वाळत ठेवली होती.

मुख्याध्यापक गेले. बाई चाळीस पोरांसमोर एकट्या उरल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वर्गाची भीती वाटली. आता हशा पिकणार, कुणीतरी नक्कल करणार, संपलं.

कुणीच हसलं नाही. शेवटच्या बाकावरून ती मुलगी म्हणाली, “बाई, आम्हाला मागच्या वर्षीपासून माहीत आहे.”

“कसं?”

“तुम्ही ‘नाही’ म्हणता तेव्हा तुमचं तोंड डावीकडे वाकडं होतं. उचापत्याचंपण तसंच होतं. आवाज बदलता येतो बाई, तोंड कुठे बदलतं?”

इथे मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. काचेतून बाईंकडे बघत मी अकरा वर्षं ते ओठ काढत होतो. ‘नाही’ म्हणताना त्यांचे ओठ डावीकडे सरकतात, आणि थापाड्या पोराला ते शोभतं म्हणून मी ते जसंच्या तसं उचललं होतं. म्हणजे बाईंना तोंडघशी पाडणारा मीच. “बाई, चुकलो,” मी म्हणालो. “उद्यापासून सरळ काढतो.”

“गप्प बस. पुढचं ऐक.”

त्यांनी त्या मुलीला विचारलं होतं, “वर्षभर माहीत होतं, मग एकदाही बोलला कसे नाहीत?”

मुलगी खाली बघायला लागली. “भीती वाटत होती, बाई.”

“कसली भीती?”

“तुमची.”

मग बाईंनी चष्मा चढवला, पान बेचाळीस उघडायला सांगितलं, आणि सगळ्यांनी निमूटपणे उघडलं.