तळ्याचं गाडगं

माझ्या बापाला बाजारात कोणी फसवू शकत नसे. तराजूच्या दांडीला बोट लावणारा व्यापारी त्याला लांबूनच दिसायचा. असा माणूस उघड्या डोळ्यांनी लुबाडला गेला. त्यामुळे ठग ओळखता आला म्हणजे झालं, असं हल्ली कोणी म्हणालं की मला हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नसतं.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. नागभीडकडच्या एका खेड्यात, तळ्याच्या पाळीखाली आमची घरं. तळं मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, होतं तेव्हा अर्धी मासळी त्याची, अर्धी आमची. मालगुजारी गेली, तळं सरकारचं झालं आणि दर उन्हाळ्यात मासेमारीचा लिलाव होऊ लागला. बोली जिंकेल त्याचं वर्षभर तळं. ठेकेदारांशी झुंजायचं तर गाठीला पैसा हवा, म्हणून सगळ्या घरांनी मिळून एक गाडगं केलं. मासळी विकून, शिंगाडे विकून, पोहे कुटून जे उरे त्यातलं काही त्यात पडे. गाडगं आमच्या घरी आढ्याला टांगलेलं असे, तोंड जाळ्याच्या सुताने बांधलेलं. सगळ्या घरांची माणसं बसल्याशिवाय ती गाठ सोडायची नाही, असा नियम होता. बाप त्या गाडग्याखालीच झोपायचा. आई चिडवायची, "माह्यापक्षा त्या गाडग्यावरच जास्त जीव हाये तुमचा."

एका पावसाळ्यात सायकलवर एक माणूस आला. धुवट सदरा, गोड बोलणं, हँडलला अडकवलेली काचेची बरणी. बरणीत सुईएवढी पिल्लं वळवळत होती. रोहूचं बीज, कलकत्त्याहून रेल्वेने येतं, म्हणाला. मी ते जिल्हाभरच्या तळ्यांत सोडतो, मासा वाढला की विकतो. तुम्ही पैसा लावा, दुप्पट करून देतो. आमच्यातल्या काही घरांनी भीतभीत थोडंथोडं दिलं. पोळ्याला तो खरंच आला आणि दुप्पट देऊन गेला. त्या पोळ्याला त्या घरांत नवी लुगडी आली आणि बाकीच्या घरांत भांडणं.

होळीनंतर तो पुन्हा आला तो थेट गाडग्यासाठीच. येत्या पावसाचं बीज आगाऊ घ्यावं लागतं, लिलावाच्या आधी दुप्पट आणून देतो, मग बघू कोणता ठेकेदार तुमच्यासमोर टिकतो ते. सगळे चावडीपुढे बसून ऐकत होते.

"एक सांग भाऊ," बापाने विचारलं. "बीज सोडलं पावसात. पोळ्याले मासा बोटभरबी नव्हता झाला. मंग पैसा दुप्पट कुठून झाला?"

तो माणूस हसला. ज्याचा विश्वास नाही त्याने देऊ नये, म्हणाला. पलीकडचं गाव तयारच आहे आणि मला आजच निघायचं आहे. त्याने उत्तर दिलंच नाही, हे माझ्यासारख्या परकरातल्या पोरीच्याही ध्यानात आलं. मोठ्यांच्या ध्यानात फक्त पलीकडचं गाव राहिलं.

"हा एकाचा पैसा दुसऱ्याले देऊन राह्यला," बाप म्हणाला. "मी गाठ नाई सोडत."

तेव्हा बापाचा चुलतभाऊ उठला. पोळ्याला त्याच्याही घरी पैसा आला होता. "सोडत नाई, का सोडता येत नाई? गाडग्यात काई उरलं असंन तं सोडशीन ना!"

कोणी हसलं नाही, पण कोणी त्याला गप्पही केलं नाही. बापाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्यांच्यासोबत जन्मभर एका जाळ्याला हात लावला, त्यातल्या एकालाही 'असं बोलू नको' म्हणावंसं वाटलं नाही. त्या माणसांचा मला अजून राग आहे.

बाप घरी आला आणि गाडगं उतरवलं. आई दारात आडवी आली. "लिलाव होऊ द्या, मंग द्या. तुमाले समजून राह्यलं ना सारं?"

"समजते. पन आज नाई देल्लं तं जनमभर चोर म्हनतीन."

चावडीपुढे नेऊन त्याने सगळ्यांसमोर गाठ सोडली. गाडगं भरलेलंच निघालं. आता तरी नाही म्हणा, असं आई लांबून खुणावत होती. पण त्याचं मन पैशातून उठलं होतं. त्याला फक्त आपले हात स्वच्छ आहेत हे दाखवायचं होतं. सगळा पैसा त्या माणसाच्या पिशवीत गेला.

तो परत आला नाही. लिलाव मात्र आला. आमची माणसं तहसिलीच्या आवारात रिकाम्या हातांनी उभी राहिली आणि शहरातल्या एका ठेकेदाराने तळं घेतलं. त्या वर्षी आमच्याच तळ्यात आमच्या पुरुषांनी रोजीने जाळी ओढली. मासळी टोपल्यांत भरून नागभीडच्या स्टेशनावर जायची. आमच्या वाट्याला वास.

एका संध्याकाळी चुलतभाऊ घरी आला. मला वाटलं, माफी मागायला आला.

"तुले तं सारं समजत होतं," तो म्हणाला. "मंग काऊन देल्लं? आमी अडानी. तू तं शाहाना होता ना!"

बापावरचा चोरीचा आळ निघाला, त्या जागी जाणूनबुजून दिल्याचा बसला. आणि हा निघणाराही नव्हता, कारण तो खरा होता.

पुढे नवं गाडगं करायचं ठरलं. कोणाच्या घरी टांगायचं, एवढंच राहिलं. "माह्या घरी नको," बाप म्हणाला. मग दुसराही तेच म्हणाला, आणि तिसराही. गाडगं राखणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या लोकांनी ताक पिणंच सोडलं. बैठक उठली, ती पुन्हा बसली नाही.

बाप माजरीला कोळशाच्या खाणीत कामाला गेला. पाण्यावरचा माणूस जमिनीखाली उतरला. पुढच्या लिलावाला आमच्यातलं कोणी गेलंच नाही आणि ठेकेदाराला तळं पहिल्याच बोलीत मिळालं.

दिवाळीला बाप घरी आला. जेवताना त्याची नजर आढ्याकडे गेली.

"गाडग्याच्या तोंडाचं सूत कुठी गेलं?"

"सरपनाची मोळी बांधली," आई म्हणाली.

"बरं केलं," तो म्हणाला आणि जेवत राहिला.