तळहातातला उजेड

सुभानपुऱ्यातल्या एका तपासणी केंद्रात मी मानेवरच्या गाठीची सुईने तपासणी करून घ्यायला बसलो होतो. शेजारी तिशीच्या आतली एक मुलगी होती. दर दोन मिनिटांनी ती चष्मा ओढणीला पुसत होती.

"काका, बीक वाटते का?" तिने आमच्या बडोद्याच्या गुजरातीमिश्रित मराठीत विचारलं. बीक म्हणजे भीती.

"पळून जायच्या बेतात आहे."

ती हसली. आपण प्रकाशावर संशोधन करतो म्हणाली, आणि मोबाइलची बॅटरी लावून तिने माझ्या तळहाताखाली धरली. हात लालभडक उजळला.

"हाडं दिसतात का? नाही. प्रकाश आत जातो, पण मांसात धडकून विखुरतो. आम्ही किरणांना आत सोडण्याआधीच असं वाकडंतिकडं करतो, की धडकत धडकत ते एकाच बिंदूवर जमतील. मग न कापता आतलं बघता येईल."

"मग ही सुई कशाला?"

"आम्ही अजून कोंबडीच्या मांसाच्या पातळ कापापर्यंतच पोचलोय, काका. माणसापर्यंत यायला वेळ आहे. तोवर सुईच."

इतका खरा धीर मला कोणी दिला नव्हता. मी आत गेलो, चिमटा काढल्यासारखं दुखलं, बाहेर आलो. तेवढ्यात नर्सने पुढचं नाव पुकारलं आणि तीच उठली. मला वाटलं होतं, कुणाच्या तरी सोबतीला आली असेल. ती एकटीच आली होती.

"पाच मिनिटं पर्स बघाल?"

पर्स देताना तिची बोटं लागली. गार पडली होती.

"बघतो. चिमट्याएवढंच दुखतं," मी म्हणालो.

ती आत गेल्यावर मी घरी फोन केला, यायला उशीर होईल म्हणून.