बेल्ह्याच्या बाजारात काळा सूट

रोजच्या कामाधंद्याला काळा सूट चालतो का, असं हल्ली कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, घरात लग्न आहे की कोर्टात दावा? दोन्ही नसेल तर त्या कापडाचं काय काम, हे पन्नासच्या दशकात जुन्नर-आंबेगावाकडे काढलेल्या वर्षांत मला काही कळलं नाही.

मी कोकणातला. शाळा पाचवीतच सुटलेली. अशा माणसाला मुंबईच्या मालकांनी शेतीची तेलावरची इंजिनं विकायला ठेवलं, जुन्नरला खोली दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण त्यांचं एक वेड होतं: विकणारा काळ्या सुटातच हवा. “माणसाचं वजन पडतं,” म्हणायचे. पडायचं खरं, माझ्याच खांद्यांवर. बेल्ह्याच्या बैलबाजारात भर दुपारी तो कोट म्हणजे चालती भट्टी, आणि धुळीचा कण न् कण वर मिरवायचा.

एका वर्षी, त्या बाजारात इंजिन खपलं नाही तर गाशा गुंडाळायचा, असं मालकांनी बजावलं होतं. गाशा गुंडाळून जाणार कुठे? घरचे माझ्याच तोंडाकडे बघत होते. आणि इथे मी इंजिनाशेजारी उभा राहिलो की गर्दी पांगायची.

“वकीलसायेब, कुनाची जप्ती हाय?” एकानं लांबूनच विचारलं.

“जप्ती नाही हो, इंजिन विकतोय.”

“मंग जप्त केल्यालं असंल,” त्याचा सोबती म्हणाला, आणि दोघं हसत निघून गेले.

जुन्नरचे एक मुसलमान चाचा बैलांच्या सौद्यात दलाली करायचे. त्यांना माझी दया आली. “पावणं, त्यो कोट काढा. मानसं इंजनाला नाय, कोटाला भेत्यात.”

“मालक रागावतील, चाचा.”

“मालक हितं हायत का? आना इकडं.”

निमगाव साव्याचा एक शेतकरी सकाळपासून इंजिनाभोवती घिरट्या घालत होता. त्याचं म्हणणं एकच: भाव बैलासारखा ठरंल, कापडाखाली, बोटांनी. चारचौघांत तोंडानं बोलणार न्हाई. चाचांनी माझा शेवटचा भाव कानात ऐकून घेतला, माझाच कोट स्वतःच्या नि शेतकऱ्याच्या हातांवर टाकला आणि खाली बोटं दाबून भाव सांगणं सुरू झालं. वर शेतकरी तोंड वाकडं करतोय, चाचा मान हलवतायत, मी नुसत्या शर्टात देवाचं नाव घेतोय. मग कोट हलायचा थांबला.

“ठरलं,” शेतकरी म्हणाला. “कापड मातुर ब्येस हाय राव. बोटं आजाबात दिसत न्हाईत.”

त्या सुटानं जन्मात केलेलं उपयोगी काम एवढंच, आणि तेही अंगावरून उतरल्यावर.

पुढे मालक आले, विक्रीचं ऐकून खूश झाले. “पाहिलंस? ही सुटाची करामत!” म्हणाले, आणि मला दुसरा सूट शिवायला थेट शिंप्याकडे घेऊन गेले. नोकरी टिकली होती. “होय साहेब,” म्हणालो आणि मापं द्यायला हात पसरून उभा राहिलो.