क्रमांक चौऱ्याऐंशीचा फोटो

मंगलला माती दिली त्याला सात महिने झाले. जे सांगायचं होतं ते तिलाच सांगायचं होतं. ते राहिलं — राहिलं म्हणजे मी राहू दिलं — आणि आता ते तुम्हाला सांगतोय. हे आईला ठाऊक नव्हतं, सासऱ्यांना नव्हतं, मुलीला आजही नाही. सव्वीस वर्षं एका घरात राहून मी ते रोज थोडंथोडं न सांगत आलो. न सांगण्याचीही सवय लागते, हे तुम्हाला माहीत आहे का?

मी मुळात मास्तर माणूस. बीडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे शिकवायचो. तेव्हा गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उघडत होते, घराघरात केबलच्या वायरी शिरत होत्या, आणि कॉम्प्युटर हा शब्द असलेली पाटी दर चौथ्या दुकानावर लागत होती. आमच्या क्लासमध्ये चार मशीन, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि एक हातात धरून फिरवायचा स्कॅनर होता. तो फोटोवरून इस्त्रीसारखा सरळ ओढायचा. हात जरा थरथरला की पडद्यावरच्या माणसाचा कान लांब व्हायचा.

आमच्या समाजाची वधूवर सूची दरवर्षी निघायची. टाइप केलेली, बिनफोटोची. नाव, शिक्षण, उंची, मामाचं गाव, एवढंच. त्या वर्षी मल्लूकाकांच्या मनात आलं की सूची कॉम्प्युटरवर करायची, आणि प्रत्येकाचा फोटो छापायचा. मल्लूकाका म्हणजे समाजाच्या वधूवर मेळाव्याचे सगळे काही — अध्यक्ष दुसरे होते, पण हार काकांनी आणलेला असायचा आणि भाषणही काकांनीच लिहून दिलेलं असायचं. ते एक दिवस क्लासमध्ये आले, मशीनवर हात ठेवून म्हणाले, "सर, ह्याच्यात फोटू बसतो का न्हाई तेवढं सांगा. बसत नसंल तर काय टीव्ही हाय का हा?"

मी बसतो म्हणालो. तेव्हा मला काही येत नव्हतं.

पुण्यात शिकलेल्या एका मित्राने एक फ्लॉपी पाठवली. तिच्यात एक लायब्ररी होती. म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला प्रोग्रॅमचा असा भाग, जो आपण आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यायचा. एका साध्या फॉरमॅटमधले फोटो उघडणं, त्यांच्या ओळी एकेक करून वाचणं, बंद करणं — तिचं काम एवढंच. बसवायची रीतही साधी होती. एक फाइल या फोल्डरात टाकायची, दुसरी त्या. पण लायब्ररीच्या तीन आवृत्त्या होत्या, लहान, मधली, मोठी. मी सवयीने लहान निवडली आणि तीन दिवस मशीन मला तेच तेच सांगत राहिलं की तू म्हणतोस ते मला सापडत नाही. चौथ्या दिवशी मोठी टाकली. पडद्यावर मल्लूकाकांच्या पुतण्याचं तोंड उमटलं. मी एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

हे मी एवढं का सांगतोय? मुद्द्यावर यायला वेळ काढतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण पुढचं कळायला हे लागणार आहे.

अर्धे फोटो नीट दिसायचे आणि अर्धे तिरके. गवताची पेंढी कुणी ढकलून द्यावी तसा चेहरा एका बाजूला घरंगळलेला. मी कितीदा तरी स्कॅन केले. शेवटी फ्लॉपीतली माहितीची फाइल छापून काढली आणि शब्दकोश जवळ घेऊन वाचली. त्यात एका वाक्यात उत्तर होतं. फोटोची रुंदी विषम असली तर त्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचा बाइट घालतात. मी तो मोजत नव्हतो, म्हणून प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एका ठिपक्याने सरकत होती. प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. सगळे चेहरे सरळ झाले.

सगळे. हे लक्षात ठेवा.

मंगल आणि तिचे वडील फॉर्म द्यायला आले तेव्हा मी त्या तिरक्या फोटोंशीच झगडत होतो. वडिलांचं धर्मापुरीला किराणा दुकान. धोतर, काळी टोपी, कपाळाला भस्म, गळ्यात करडुगं, म्हणजे इष्टलिंगाची डबी. त्यांनी फॉर्म पुढे केला. मंगल पडद्याकडे पाहत उभी होती. बाकीच्या मुली खाली बघायच्या, ही मशीनकडे बघत होती. तिने विचारलं, माणसाचं तोंड ह्याच्यात जातं कसं? मी म्हणालो, तोंड जात नाही, आकडे जातात. फोटोचे बारीक ठिपके करायचे, प्रत्येक ठिपक्याला एक आकडा. शून्य म्हणजे काळा, पंधरा म्हणजे पांढरा.

"मग माझे समदे शून्याजवळचेच असतील," ती म्हणाली आणि हसली. वडील म्हणाले, "गप बस गं." ती गप बसली नाही. मशीनला मराठी येतं का, तेही विचारलं.

त्या दहा मिनिटांत माझं जे व्हायचं ते झालं. मी एकतीस वर्षांचा होतो. वडील नाहीत, शेत नाही, क्लासची नोकरी. माझं स्वतःचं नाव त्या सूचीत नव्हतं, कारण घालून उपयोग नव्हता. तिला मागणी घालायची माझी पायरी नव्हती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सूची निघाली असती आणि महिन्याभरात लातूरचा नाहीतर सोलापूरचा कुणी इंजिनिअर तिला घेऊन गेला असता.

तिच्या फोटोची रुंदी विषम होती. त्यामुळे आधी तो तिरका दिसायचा. दुरुस्तीनंतर सरळ झाला. उत्तम आला होता खरं तर. डोळ्यातलं मिश्कीलपण सोळा आकड्यांतही उतरलं होतं.

मी तो वगळला.

क्रमांक चौऱ्याऐंशी: नाव, जन्मवेळ, बी.ए. दुसरं वर्ष, उंची. शेजारी चौकट, आणि चौकटीत 'फोटो उपलब्ध नाही.'

पानं पाहताना मल्लूकाकांचं बोट तिथे थांबलं. मी म्हणालो, ती फाइल लायब्ररीला वाचता येत नाही. तांत्रिक अडचण. काकांनी मान हलवली, मग म्हणाले, "सर, एक सांगू का? समद्यांचा फोटू हाय आन् हिचाच न्हाई म्हणल्यावर लोकं काय म्हणतेत माहित हाय का? काय तरी हाय पोरीत. डाग हाय, डोळ्यात फूल हाय. लपवायलेत." मी म्हणालो, बघतो पुन्हा प्रयत्न करून.

म्हणजे मला माहीत होतं. मी मागे कधीकधी स्वतःला सांगत असे की मला एवढं कळलं नव्हतं, मला फक्त तिचा फोटो दुसऱ्यांच्या हातात जायला नको होता. तसं नाही. एका भल्या माणसाने माझ्यासमोर बसून मला ते सोप्या मराठीत समजावलं होतं.

इथेच थांबलो असतो तरी एक वेळ — पण नाही. काकांनी धर्मापुरीला निरोप धाडला. गुरुवारी तिचे वडील एसटीने आले. परळीला गाडी बदलून, उन्हातून. टोपी काढून घाम पुसला आणि पिशवीतून वहीत जपून ठेवलेलं पाकीट काढलं.

"सर, आमच्या पोरीचा फोटू मशीनला कावून वाचता येईना? मी म्हणलं, फोटूतच काय तरी असंल. काल आंबाजोगाईला नेल्तं तिला, स्टुडिओत. हा नवा हाय. लई चांगला आलाय, बघा तर खरं."

मी पाहिला. तिने केसात अबोलीचा गजरा माळला होता आणि दुसऱ्यांदा फोटो काढावा लागल्यामुळे असेल, या वेळी ती हसत नव्हती.

मी म्हणालो, अप्पा, उशीर झाला. छपाईच्या प्लेटा बनल्या.

प्लेटा बनल्या नव्हत्या. प्रेसवाल्याने पानं सोमवारी मागितली होती. ती पानं आम्हा दोघांच्या मध्ये, टेबलावर होती. त्यांच्यावर मी त्या दिवसाचं वर्तमानपत्र टाकलं होतं, अप्पांना दारातून येताना पाहिलं तेव्हा. नवा फोटो स्कॅन करून बसवायला मला वीस मिनिटं लागली असती. अप्पा मला म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या. तुमचा तरी काय दोष. मशीनच ती." आणि फोटो ठेवून गेले, पुढच्या वर्षी लागेल म्हणून. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. मी केला का? आठवत नाही.

मेळाव्यात मुलींना एकेक करून स्टेजवर बोलावत. मंगलचं नाव पुकारलं तेव्हा लोकांनी सूची उघडली, चौऱ्याऐंशी शोधला, आणि मग वर पाहिलं. वर पाहण्यात फरक असतो. तिच्या आधीच्या मुलीला लोक पाहत होते. हिला तपासत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "चालून दाखवा म्हणावं." हशा झाला. ती स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेली, नीट, ताठ. मी खुर्च्या मांडणाऱ्यांत उभा होतो.

त्या वर्षात तिला एकच चौकशी आली. आष्टीहून पोस्टकार्ड: मुलीत काही वैगुण्य असल्यास आधीच कळवावे, म्हणजे येण्याजाण्याचा त्रास वाचेल. ते कार्ड अप्पांनी मला नंतर दाखवलं, जावई झाल्यावर. कारण पुढल्या वर्षी माझ्या आईने विचारलं आणि अप्पांनी एका दमात होकार दिला. लग्नाच्या मांडवात माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुमचे उपकार झाले. मरेपर्यंत त्यांनी मला अहोजाहो केलं आणि पहिला आंबा आमच्या घरी पाठवला.

आणि मंगल? तुम्हाला वाटेल ती दुःखी होती. तसं नव्हतं. आमचा संसार चांगला झाला, तिने केला. भांडण झालं की म्हणायची, "मशीननं टाकलेली बायको केलीत, आता भोगा." आम्ही दोघं हसायचो. पण मुलगी झाली तेव्हा तिने पाळण्यात वाकून पहिलं काय पाहिलं असेल, तर रंग. लग्नकार्यात फोटोग्राफर आला की ही पाणी आणायला आत जायची. नवी साडी नेसून आरशासमोर ती कधी दोन मिनिटं उभी राहिल्याचं मला आठवत नाही. जी मुलगी मशीनला मराठी येतं का म्हणून विचारत होती, ती पंचविशीतच चारचौघांत मागे उभी राहायला शिकली. हे कुणी शिकवलं?

एकदा वेळ आली होती. पल्लवी, आमची मुलगी, पुण्याला इंजिनिअरिंगला होती. दिवाळीला घरी आली तेव्हा लॅपटॉपवर काही काम करत होती. मंगल शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. पल्लवीने एक ओळ टाइप केली, लायब्ररी आपोआप उतरली, आपोआप बसली, अर्धं मिनिटही लागलं नाही. म्हणाली, "बाबा, हा तुमच्या जमान्यातला फॉरमॅट बघा, आम्हाला प्रॅक्टिकलला दिलाय."

मंगलने मान वर केली. "हाच का गं तो? माझा फोटू न वाचणारा?"

"न वाचायला काय झालं? सगळ्यात सोपा फॉरमॅट आहे आई हा. फार तर फोटो तिरका दिसेल. एक बाइट मोजायचा राहिला की."

मंगलने माझ्याकडे पाहिलं. हातातली शेंग तशीच. त्या नजरेत राग होता का, शंका होती का, की नुसतीच ती माझ्याकडे पाहत होती, जशी रोज पाहायची? मी हा प्रश्न सात महिने स्वतःला विचारतोय. मग तिने शेंग फोडली, आणि मुलीला म्हणाली:

"त्या टायमाला एवढं सोपं नसंल गं. तुझे बाबा एकटेच होते, कुणी सांगायला पण नव्हतं."

तिने माझ्यासाठी जागा करून दिली होती. मी बोलू शकलो असतो. मुलगी समोर होती म्हणून नाही बोललो, असं म्हणू? मुलगी संध्याकाळी मैत्रिणीकडे गेली. त्यानंतर आम्हाला दोघांना मिळून सहा वर्षं होती.

मी म्हणालो, "हो. नव्हतं सोपं."

तो फोटो वाचता येत होता. ती पडद्यावर आली होती, सरळ, हसत.