फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव

"हे माप दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या, डॉक्टर."

पेशंटचा भाऊ बोलला. हातात सीटी स्कॅनची फिल्म, अन् बोट कोपऱ्यातल्या माह्या आडनावावर. मी तिथंच बसली होती, हातभर अंतरावर. डॉक्टर हसले. त्याईनं त्या माणसाची माफी मागितली. त्याची! माह्याकडं पाहिलं बी नाही.

रामदासपेठेतल्या त्या सेंटरवर माह्यं काम एकच. पडद्यावर दुखऱ्या जागेभोवती माऊसनं गोल काढायचा. गोलाच्या आत जेवढं येते तेवढं मशीन मोजते. गाठ वाढली का घटली, ते त्याच्यावरून समजते. जो गोल काढते त्याचं नाव फिल्मवर छापून येते, असा तिथला रिवाज.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून रिसेप्शनच्या मॅडमच्या नावानं लॉगिन कर. आडनावावरून कटकट नको."

मॅडमनं कधी त्या माऊसले हात लावला नव्हता. पण तिचं आडनाव चालते. मी "हो सर" म्हटलं. घरी जाऊन खूप रडली. बाबा आजारी होते, नोकरी गेली तर त्याईच्या इलाजाचं काय?

बाबा कन्हानले कोळशाच्या खाणीत होते. छातीत गाठ निघालेली. पुढचा स्कॅन आमच्याच सेंटरवर झाला. बापाच्या गाठीभोवती गोल मीच काढला. गोल वाकडा आला. पुसला. पुन्हा काढला. गाठ वाढली होती. बाप्पा! साऱ्याईच्या आधी मले समजलं, अन् मी सांगू कोणाले?

बाहेर बाकावर बसून बाबानं फिल्म खिडकीकडं धरली. गाठ नाही पाहिली त्याईनं. कोपरा पाहून राहिले होते. पोरीचं नाव फिल्मवर छापून येते, असं साऱ्या मोहल्ल्याले सांगत फिरत ते.

"तुह्यं नाव काहून नाही दिसून राहिलं वं, माय?"

मले रडू आलं. मग डोक्यात सणक गेली. आत गेली, मॅडमचं लॉगिन बंद केलं, माह्यं उघडलं. तोच गोल पुन्हा काढून फिल्म छापली. डॉक्टर दारात उभे.

"कामावर राहायचं नाही का?"

"राहाचं आहे, सर. माह्या नावानं."

बाबानं ती फिल्म उशाशी ठेवली. थोड्याच दिवसांत ते गेले. त्याच्यानंतर मले बी कामावरून काढलं. कारण कोणी सांगितलं नाही. मी विचारलं बी नाही, मले ठाऊक होतं.

नव्या सेंटरवर पहिल्याच दिवशी साहेब गोड आवाजात म्हणाले, "फिल्मवर नुसतं पहिलं नाव टाकलं तर चालेल ना?"

"नाही चालणार," मी म्हटलं. अन् खुर्ची ओढून पूर्ण नाव टाइप केलं.